मातीतला फाज आणि बीएस्सीचं प्रॅक्टिकल

बीएस्सी मायक्रोबायोलॉजीचं कुठल्याही कॉलेजातलं जर्नल उघडा. एम, प्रिन्सिपल, रिक्वायरमेंट्स, प्रोसीजर, ऑब्झर्व्हेशन टेबल, रिझल्ट. उजवीकडे रेघांच्या पानावर मजकूर, डावीकडे कोऱ्या पानावर पेन्सिलीची आकृती. रिझल्ट काय येणार हे प्रॅक्टिकलच्या आधीच ठाऊक असतं. नाहीच आला तर शेजारच्या टेबलावरचं रीडिंग असतं, तेही नसेल तर गेल्या वर्षीच्या कोणाचं तरी जर्नल. ग्रॅम स्टेनिंग, एमपीएन, आयएमव्हीआयसी अशा ठरलेल्या चाचण्यांनी हात बसतो आणि हात बसलाच पाहिजे. पण तीन वर्षं सगळीच प्रॅक्टिकलं या साच्यातली असली, तर ज्याचं उत्तर वर्गातल्या कोणालाच माहीत नाही, शिकवणाऱ्यालाही नाही, असा एकही प्रश्न मुलांच्या वाट्याला येत नाही.

यावरचा आपल्याकडचा उपाय म्हणजे शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. यूजीसीच्या डिसेंबर २०२२ च्या आराखड्यात चौथ्या वर्षी 'ऑनर्स विथ रिसर्च' आहे, पण पहिल्या सहा सेमिस्टरमध्ये ७५ टक्के मिळवणाऱ्यांसाठी. म्हणजे संशोधन हे हुशार ठरलेल्यांना मिळणारं बक्षीस. माझं म्हणणं बरोबर उलट आहे: संशोधन दुसऱ्या वर्षाच्या सक्तीच्या प्रॅक्टिकलमध्ये घाला, अख्ख्या बॅचला द्या, आणि त्यासाठी वेळापत्रकात चुकायला जागा ठेवा. पैशांपेक्षा ही जागाच मिळणं अवघड जातं.

हे चालतं याचा सगळ्यात मोठा पुरावा अमेरिकेतला आहे. हॉवर्ड ह्यूज मेडिकल इन्स्टिट्यूट आणि पिट्सबर्ग विद्यापीठातला ग्रॅहम हॅटफुल यांचा गट यांनी २००८ मध्ये 'सी-फेजेस' हा अभ्यासक्रम सुरू केला. कॉलेजच्या पहिल्या वर्षाची मुलं आपापल्या परिसरातली माती आणतात, तिच्यातून बॅक्टेरिओफाज, म्हणजे जीवाणूंना मारणारे विषाणू, वेगळे करतात, त्यांना नाव देतात आणि दुसऱ्या सत्रात त्यांच्या जीनोमची छाननी करतात. प्रत्येक फाजची नोंद सगळ्यांना खुल्या असलेल्या डेटाबेसमध्ये जाते. त्या डेटाबेसमधल्या 'मडी' नावाच्या फाजची गोष्ट सांगण्यासारखी आहे. दक्षिण आफ्रिकेत डर्बनला २०१० मध्ये एका विद्यार्थिनीला तो मिळाला, कुजलेल्या वांग्याच्या बुडाशी. पुढे लंडनच्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट हॉस्पिटलमध्ये फुप्फुस प्रत्यारोपण झालेल्या पंधरा वर्षांच्या एका मुलीला मायकोबॅक्टेरियम अ‍ॅब्सेससचा संसर्ग पसरला आणि औषधं चालेनात. तेव्हा तीन फाजचं मिश्रण तिला देण्यात आलं, त्यातला एक हा मडी. बाकीच्या दोघांचं रिप्रेसर जीन, म्हणजे फाजला सुप्त ठेवणारं जीन, काढून त्यांना पक्कं मारक बनवावं लागलं होतं. मडीला ते करावं लागलं नाही. २०१९ मध्ये हे काम प्रसिद्ध झालं. दर वर्षी असं घडत नाही, आणि मुलांना तसं आमिष दाखवूही नये. पण कुजक्या वांग्याची नोंद नीट ठेवली होती म्हणून आठ वर्षांनी ती कोणाच्या तरी उपयोगी पडली, एवढं मात्र जरूर सांगावं.

आता आपल्या लॅबमध्ये हे कसं बसवायचं?

पहिला निर्णय यजमान जीवाणूचा, म्हणजे ज्याच्यात फाज वाढवायचा त्याचा. आपल्याकडे फाज म्हटलं की ई. कोलाय आणि नाल्याचं पाणी हेच डोळ्यांसमोर येतं. त्यात प्लाक, म्हणजे फाजने जीवाणू मारून प्लेटवर पाडलेले गोल डाग, रात्रीत दिसतात आणि मीडियाही स्वस्त, हे खरं. पण पहिल्यांदाच पिपेट धरणाऱ्या वीस मुलांच्या हातात सांडपाणी देणं म्हणजे टायफॉइडपासून हिपॅटायटिस ए पर्यंत सगळ्याला आमंत्रण. त्याऐवजी मायकोबॅक्टेरियम स्मेग्मॅटिस, एमसी स्क्वेअर १५५ हा स्ट्रेन घ्या. हा टीबीच्या जंतूच्या जातकुळीतला, पण पहिल्या सुरक्षा पातळीवर हाताळण्याजोगा. टीबीचा जंतू दुप्पट व्हायला जवळजवळ दिवस घेतो, हा साधारण तीन तासांत होतो. याच यजमानावर मिळालेल्या हजारो फाजच्या नोंदी खुल्या आहेत, त्यामुळे आपल्याला मिळालेला फाज कोणाच्या जवळचा हे विचारता येतं. कल्चर पुण्याच्या एनसीआयएम किंवा चंडीगडच्या एमटीसीसी या जंतूसंग्रहांकडे चौकशी करून मागवा, पण नुसतं 'स्मेग्मॅटिस' लिहून पाठवू नका. सगळ्या स्ट्रेनवर सगळे फाज वाढत नाहीत, म्हणून स्ट्रेनचं नाव बघूनच ऑर्डर द्या. हा जंतू अ‍ॅसिड-फास्ट (टीबीच्या जंतूसारखाच रंग धरणारा) असल्यामुळे घरी 'कॉलेजात टीबीवर काम करतात' असा निरोप जायला वेळ लागत नाही. पहिल्याच दिवशी फरक समजावून सांगा.

माती कुठली? ओलसर, कुजका पालापाचोळा असलेली, सावलीतली. कंपोस्टचा ढीग उत्तम. उन्हाने भाजलेल्या, तडे गेलेल्या मे महिन्यातल्या जमिनीत हात रिकामे राहण्याची शक्यता जास्त. सुदैवाने आपलं सेमिस्टर पावसाबरोबर सुरू होतं. प्रत्येक जोडीने तारीख, वेळ, जागेचे अक्षांश-रेखांश, खोली आणि मातीचं वर्णन जागेवरच लिहायचं. घरी आल्यावर आठवून लिहिलेलं चालणार नाही.

५० मिलिच्या ट्यूबमध्ये १५ मिलिच्या खुणेपर्यंत माती, वर ३५ मिलिच्या खुणेपर्यंत द्रव मीडिया, आणि शेकरवर तास-दोन तास. मग २००० जी ला दहा मिनिटं सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी ०.२२ मायक्रॉनच्या सिरिंज फिल्टरमधून गाळायचं. अमेरिकन मॅन्युअलमध्ये ही एक ओळ आहे. देशावरच्या काळ्या मातीत ही ओळ म्हणजे अर्ध्या दिवसाचं काम. काळी माती पाणी पिऊन फुगते, वरचं पाणी (सुपरनॅटंट) थोडंच येतं आणि त्यातली बारीक चिकणमाती सिरिंज फिल्टर दोन मिलितच बंद पाडते. शिवाय चिकणमातीच्या कणांना विषाणू चिकटतात, म्हणजे गाळताना तेही मागेच राहतात. उपाय साधे आहेत. काळी माती निम्मीच घ्या, सेंट्रिफ्यूज दोनदा करा, आधी व्हॉटमन एक नंबरच्या फिल्टर पेपरमधून, मग ०.४५ मधून आणि शेवटी ०.२२ मधून गाळा. सिरिंजवर जोर देऊन फिल्टर फाडू नका. फाटलेल्या फिल्टरमधून पाणी भराभर येतं आणि मुलं खूश होतात, दोन दिवसांनी प्लेटवर मातीतले बॅसिलस उगवतात. फिल्टरचा खर्च वाचवायला क्लोरोफॉर्म वापरू का, असा प्रश्न हमखास येतो. इथे नको. काही मायकोबॅक्टेरिओफाज क्लोरोफॉर्मने निकामी होतात, आणि पॉलिस्टायरीनच्या ट्यूबही त्यात विरघळतात.

गाळलेल्या पाण्यात अर्धा मिलि स्मेग्मॅटिस घालून ३७ अंशाला दोन ते पाच दिवस हलवत ठेवायचं. यजमान पुरवला की मातीत मूठभर असलेले फाज कोट्यवधी होतात. ही एनरिचमेंट. ती न करता थेट प्लेटवरही घालता येतं आणि मातीतल्या खऱ्या संख्येची कल्पना त्यातूनच येते, पण बहुतेक जोड्यांना काहीच मिळणार नाही. पहिल्या वर्षी एनरिचमेंटच करा.

यजमानाच्या कल्चरमध्ये एक छुपा खड्डा आहे. स्मेग्मॅटिसच्या पेशी मेणचट असतात आणि द्रव मीडियात गोळे धरतात, म्हणून स्टार्टरमध्ये, म्हणजे पहिल्या छोट्या कल्चरमध्ये, ०.०५ टक्के ट्वीन ८० हा साबणासारखा पदार्थ घालतात. पण ट्वीन असेल तर फाज पेशीला चिकटत नाही. त्यामुळे स्टार्टरमधून हजारपट विरळ करून, ट्वीन न घालता आणि १ मिलिमोलर कॅल्शियम क्लोराइड घालून पुन्हा वाढवावं लागतं. दोन दिवस त्यातच जातात, तेव्हा लॅब असिस्टंटच्या वहीत ही तारीख आधी लिहा, प्रॅक्टिकलची नंतर. कॅल्शियम ऑटोक्लेव्हच्या आधी घालू नका. मीडियातल्या फॉस्फेटशी त्याचा पांढरा साका होतो आणि मग तो गढूळपणा वाढीचा की साक्याचा, हे कोणी सांगू शकत नाही.

आता प्लेटचा दिवस. फाजच्या पाण्याचं दहापट, शंभरपट, हजारपट आणि दहा हजारपट डायल्युशन करायचं, प्रत्येकासाठी नवी टिप. बफर असा: ट्रिस १० मिलिमोलर, पीएच ७.५, मॅग्नेशियम सल्फेट १०, सोडियम क्लोराइड ६८, कॅल्शियम क्लोराइड १ मिलिमोलर. २५० मायक्रोलिटर यजमानात १० मायक्रोलिटर नमुना टाकून दहा मिनिटं तसंच ठेवायचं. मग वॉटर बाथमधून ३ मिलि टॉप अगार (प्लेटवर ओतायचा पातळ अगार) घ्यायचा, एकदा पिपेटने वर-खाली करायचं, ओतायचं, आणि प्लेट टेबलावर ठेवूनच आठच्या आकड्यात फिरवायची. हे सगळं दहा सेकंदांत. टॉप अगार ०.४ टक्क्याच्या आसपास, ५० ते ५५ अंशाला. ६० च्या वर असेल तर यजमान भाजून मरतो आणि प्लेट सगळीकडे स्वच्छ दिसते. ते पाहून 'सर, सगळीकडे फाज!' अशी आरोळी उठते. ४५ च्या खाली गेला तर ट्यूबमध्येच गुठळ्या धरतो आणि लॉन, म्हणजे प्लेटवरचा जीवाणूंचा थर, फाटक्या गोधडीसारखं येतं. थर्मामीटर वॉटर बाथच्या पाण्यात न ठेवता, पाण्याने भरलेल्या एका जास्तीच्या ट्यूबमध्ये ठेवा. वाचायचं आहे ते ट्यूबमधलं तापमान. ओतल्यावर पंधरा-वीस मिनिटं प्लेट हलवायची नाही, मग उलटी करून ३७ अंशाला.

खालच्या अगारला महागडं काही लागत नाही, ल्युरिया अगार चालतो. त्यात मिलिलिटरला ५० मायक्रोग्रॅम कार्बेनिसिलिन घाला. स्मेग्मॅटिस त्याला मुळातच दाद देत नाही, मातीतले बरेच उपरे जीवाणू मात्र थांबतात. बुरशीसाठी १० मायक्रोग्रॅम सायक्लोहेक्झिमाइड. ते विषारी असल्याने वजन करण्याचं काम मुलांना देऊ नका.

दर दिवशी, दर जोडीची एक प्लेट कंट्रोलची: यजमान, नुसता बफर आणि टॉप अगार. ही प्लेट मुलांना वायफळ वाटते, पण अख्ख्या अभ्यासक्रमाची भिस्त तिच्यावर आहे. फाज पिपेटच्या दांड्यावर, टेबलावर, हातमोज्यांवर टिकून राहतात. डी२९ सारखा जोमदार फाज पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणून लॅबमध्ये आणला, की दोन आठवड्यांत दहापैकी सात जोड्यांना एकसारखे मोठे, स्वच्छ प्लाक मिळू लागतात आणि सगळे खूश असतात. कंट्रोलवर एक जरी प्लाक आला, तरी त्या दिवसाचे त्या जोडीचे सगळे निकाल बाद. यावर तडजोड नाही. पॉझिटिव्ह कंट्रोल शिक्षकाने वेगळ्या खोलीत करावा. टेबल आधी ताज्या, दहापट विरळ हायपोक्लोराइटने पुसावं, मग अल्कोहोलने. नुसत्या अल्कोहोलवर भरवसा ठेवू नये.

२४ ते ४८ तासांनी प्लाक दिसतात. प्लाक की बुडबुडा? बुडबुड्याची कड काचेसारखी चमकते आणि प्लेट तिरपी केली की त्यातलं प्रतिबिंब सरकतं. खात्री करायची तर टिपने टोचून बफरमध्ये टाका आणि पुन्हा प्लेट करा, बुडबुड्याला पोरं होत नाहीत. आणखी एक गैरसमज वेळीच मोडावा लागतो: स्वच्छ प्लाक चांगले आणि धुरकट प्लाक वाईट. धुरकट प्लाकमध्ये बहुधा टेम्परेट फाज असतो. तो काही पेशींना मारत नाही, त्यांच्या जीनोममध्ये जाऊन बसतो, आणि त्या वाचलेल्या पेशी प्लाकच्या मध्यात वाढतात. यजमानाशी त्याचं नातं कसं चालतं हे विचारायचं असेल, तर धुरकट प्लाकच जास्त कामाचा.

मग शुद्धीकरण. एक सुटा प्लाक टोचायचा, १०० मायक्रोलिटर बफरमध्ये, पुन्हा डायल्युशन, पुन्हा प्लेट. किमान तीन फेऱ्या. मुलं इथे कंटाळतात, आणि नेमकं इथेच त्यांना पहिल्यांदा स्वतः ठरवावं लागतं. प्लेटवर दोन आकारांचे प्लाक आहेत, ते दोन फाज आहेत की एकाच फाजचं वय वेगळं? कुठला उचलायचा? मॅन्युअलमध्ये याचं उत्तर नाही. दोन्ही उचला, वेगवेगळ्या प्लेट करा. लहानातून सगळे लहान आणि मोठ्यातून सगळे मोठे आले तर फाज दोन. दोन्हींतून मिश्र आले तर बहुधा एकच. दाटीवाटीच्या प्लेटवरून उचलला, तर शेजाऱ्यांना घेऊन येतो आणि तिसऱ्या फेरीनंतरही मिश्रण तसंच राहतं.

टायटर, म्हणजे मिलिलिटरमधली फाजची संख्या, काढताना होणारी चूक ठरलेली आहे. दहा हजारपट विरळ नमुन्याच्या १० मायक्रोलिटरला ४२ प्लाक मिळाले, तर मिलिलिटरला किती? ४२ भागिले ०.०१, गुणिले १०,०००, म्हणजे ४ कोटी २० लाख पीएफयू (प्लाक पाडणारे फाज). निम्मी बॅच १० मायक्रोलिटरचं मिलिलिटर करायला विसरते आणि शंभरपट कमी आकडा लिहिते. जोडीने काढलेला आकडा दुसऱ्या जोडीने तपासून सही करायची, असा नियम ठेवा. डीएनएसाठी मिलिलिटरला पाचशे कोटींच्या आसपास टायटर लागतं. त्यासाठी प्लाक एकमेकांना टेकून जाळी दिसेल इतका नमुना घालून काही प्लेट करा, प्रत्येकीवर ८ मिलि बफर ओतून काही तास ठेवा, गोळा करा, गाळा. हे फाजने भरलेलं पाणी म्हणजे लायसेट.

हिशेब आधीच मांडून ठेवा. वीस मुलांच्या दहा जोड्या, जोडीला पाच नमुन्यांच्या (मूळ पाणी आणि चार डायल्युशन) आणि एक कंट्रोलची, अशा सहा प्लेट, म्हणजे दिवसाला ६०. प्लेटला २५ मिलि धरले तर दीड लिटर अगार, वर १८० मिलि टॉप अगार. पाच फेऱ्यांत ३०० प्लेट, आणि वापरलेल्या सगळ्या १२१ अंशाला ऑटोक्लेव्ह करून टाकायच्या. ऑटोक्लेव्ह एकच असेल तर घाणीची आणि मीडियाची पाळी वेगवेगळ्या दिवशी लावा. पंधरा आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये माती आणि एनरिचमेंटला दोन आठवडे, शुद्धीकरणाला चार, टायटर आणि लायसेटला तीन, डीएनए आणि जेलला दोन. उरलेले चार मोकळे ठेवायचे. विभागप्रमुख विचारतील, या चार आठवड्यांत काय? जे फसलं ते पुन्हा. गणपतीची सुट्टी मध्ये येणारच. ४८ तासांनी प्लेट फ्रिजमध्ये सरकवणारा कोणी असला की काम थांबत नाही, ४ अंशाला प्लाक आठवडाभर सहज तग धरतात.

जेल हा सगळ्यात स्वस्त आणि बोलका भाग. डीएनए काढून पाच रिस्ट्रिक्शन एन्झाइमांनी, म्हणजे ठरावीक जागीच कापणाऱ्या एन्झाइमांनी, तोडायचा आणि जेलवर तुकड्यांचे पट्टे पाहायचे: बॅमएचआय, सीएलएआय, इकोआरआय, एचएईथ्री, हिंडथ्री. दोन जोड्यांचे पट्टे हुबेहूब जुळले, तर आधी संशय घ्यावा की एकीचा फाज दुसरीकडे गेला. जागेच्या नोंदी, कंट्रोल प्लेट आणि तारखा तेव्हाच काढायच्या. कुठल्याच एन्झाइमने डीएनए तुटला नाही, तर तो शुद्ध नाही किंवा फाजने आपले बेस बदलून ठेवले आहेत. यातलं काय, हे तपासायला त्याच ट्यूबमध्ये लॅम्डा या ओळखीच्या फाजचा डीएनए मिसळून तोडून बघा: तोही तुटला नाही, तर नमुना शुद्ध नाही.

सीक्वेन्सिंग, म्हणजे डीएनएची अक्षरं वाचून घेणं, परवडलं नाही तरी अडत नाही. खुल्या जीनोमवर छाननी शिकवता येते, त्याला फक्त संगणक लागतो. जीनमार्क आणि ग्लिमर ही सॉफ्टवेअरं जीनच्या जागा सुचवतात, पण सुरुवात कुठून हे माणसाला ठरवावं लागतं. जीनच्या सुरुवातीला एटीजी, जीटीजी, टीटीजी ही तिन्ही त्रिकुटं चालतात. फाजच्या जीनोममध्ये जीन खेटून असतात, कित्येकदा एकाचा शेवट आणि दुसऱ्याची सुरुवात चार बेसवर एकमेकांवर येते: एटीजीए. तिथे मधल्या मोठ्या रिकाम्या जागेपेक्षा हा चार बेसचा सांधा जास्त पटण्यासारखा. मुलांनी निर्णयाबरोबर कारण लिहायचं, नुसता आकडा नाही.

गुणांचं काय? निकालावर गुण दिले की मुलं निकाल बनवतात. पन्नासपैकी वीस नोंदींना, दहा कंट्रोल आणि गणिताला, दहा 'पुढे काय करायचं आणि का' या लेखी निर्णयांना, दहा व्हायव्हाला. फाज न मिळालेल्या जोडीला पैकीच्या पैकी मिळू शकतात, आणि हे पहिल्याच दिवशी जाहीर करा. तिच्या हाताला काम म्हणून शेजारच्या जोडीचा दुसरा प्लाक दत्तक द्यायचा. जर्नल शाईने, तारखेसह, खाडाखोड न करता. चुकलं तर एक आडवी रेघ, म्हणजे खालचं वाचता येईल. सुटे कागद आणि 'नंतर फेअर करू' बंद. एक्स्टर्नलना परीक्षेच्या आधी फोन करून कल्पना द्या, नाहीतर ते दहा जोड्यांची दहा वेगळी रीडिंगं पाहून कॉपी झाली नाही याचंच आश्चर्य करत बसतील.

लायसेट ४ अंशाला, पॅराफिल्म लावून, फाजच्या बफरमध्येच ठेवा. ईडीटीए किंवा सायट्रेट असलेल्या बफरमध्ये ठेवलं तर मॅग्नेशियम-कॅल्शियम बांधलं जातं आणि टायटर कोसळतं. उणे ८० चा फ्रीझर असेल तर २० टक्के ग्लिसरॉलमध्ये दुसरी प्रत. ट्यूबवर फाजचं नाव, जोडी, तारीख आणि टायटर, तेच रजिस्टरमध्ये मातीच्या जागेसह. जुन्या लायसेटचं टायटर दर वर्षी पुन्हा काढावं लागतं, पण ते काम नव्या बॅचला सेमिस्टरच्या शेवटीच द्या. त्यांचे स्वतःचे फाज शुद्ध होईपर्यंत जुनी एकही ट्यूब लॅबमध्ये उघडायची नाही.